बाल्कनमधल्या गावनावाचा माग कसा काढायचा: बितोलाचं उदाहरण घेऊन

उत्तर मॅसिडोनियातलं बितोला हे गाव सर्बियनमध्ये बितोल्य, बल्गेरियनमध्ये बितोल्या आणि अरोमानियनमध्ये बितुले आहे. तुर्की आणि अल्बेनियनमध्ये ते मनास्तिर, तर ग्रीकमध्ये मोनास्तिरी. नावाचा अर्थ विचारला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: जुन्या स्लाव भाषेत ‘ओबितेल’ म्हणजे मठ, त्याचा पहिला ‘ओ’ गळाला आणि बितोला झालं. तुर्की-ग्रीक नावाचा अर्थही मठच. दोन्हीकडून जुळल्यामुळे प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण तारखा आणि ध्वनिबदल तपासायला घेतले की याच उत्तराच्या बऱ्याच शिवणी उसवतात.

बाल्कनमधल्या कुठल्याही वादग्रस्त गावनावाला लावता येईल अशी पद्धत पुढे दिली आहे. मुख्य उदाहरण बितोलाचं, आणि जिथे दुसरं गाव मुद्दा जास्त स्पष्ट करतं तिथे ते गाव. पद्धतीचा गाभा कामाच्या क्रमात आहे. आधी तारखा, मग लिपी, मग ध्वनी, मग जमीन, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. हौशी माणूस अर्थापासून सुरुवात करतो. एकदा आवडता अर्थ हाती आला की पुढचा सगळा पुरावा त्याच्याकडे झुकवला जातो.

दाव्यांची यादी

हे काम एका बैठकीत उरकतं. त्या गावावरचे विकिपीडियाचे लेख निदान पाच-सहा भाषांतून उघडा. बितोलासाठी मॅसिडोनियन, बल्गेरियन, सर्बियन, ग्रीक, अल्बेनियन आणि तुर्की हव्यात. यंत्रभाषांतर चालेल, कारण इथे पुरावा शोधायचा नाही, वादाचा नकाशा काढायचा आहे. जे एका भाषेतल्या लेखात ठासून सांगितलेलं असतं आणि दुसऱ्या भाषेतल्या लेखात ज्याचा उल्लेखही नसतो, तो वादाचा मुद्दा.

प्रत्येक दावा एका ओळीत बसवा: मूळ भाषा, मूळ शब्द, त्या शब्दाचा अर्थ आणि तो दावा खरा ठरायला नाव कधीपासून वापरात असायला हवं. हा चौथा रकाना सगळे विसरतात आणि अर्धेअधिक दावे तिथेच पडतात. तुर्की व्युत्पत्ती मानायची तर नाव तुर्क येण्याआधीच्या कागदात दिसता कामा नये. स्लाव मानायची तर सहाव्या-सातव्या शतकाआधी दिसता कामा नये. एखाद्या पाशाने नाव दिलं असं म्हणायचं, तर त्या पाशाच्या जन्माआधीच्या कागदात ते नसावं.

नोंदींचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक जुन्या उल्लेखाला एक ओळ द्या आणि हे रकाने करा: घटना कोणत्या वर्षाची, मजकूर कधी लिहिला, आज हाती असलेली प्रत कधीची, नाव मूळ लिपीत जसंच्या तसं, त्याचं लिप्यंतर, लिहिणाऱ्याची भाषा, तो स्वतः त्या भागात गेला होता की ऐकीव लिहितोय, नाव कशाला दिलंय (गाव, किल्ला, नदी, प्रांत, धर्मपीठ), आणि वाचन पक्कं की संपादकाने दुरुस्त केलेलं.

पहिले तीन रकाने वेगळे ठेवायचं कारण बितोलातच दिसतं. बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बासिलच्या सैन्याने १०१४ साली बल्गेरियन राजा गाव्रिल रादोमिरचे वाडे जाळले, तो प्रसंग योआनेस स्किलित्झेसच्या ग्रीक इतिहासात आहे आणि तिथे गावाचं नाव बुतेल- या अंगाने येतं. घटना १०१४ ची, पण स्किलित्झेसने ती लिहिली अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि प्रती त्याहून नंतरच्या. तक्त्यात नुसतं ‘१०१४’ लिहिलंत तर जवळपास शंभर वर्षं फुकट पदरात पाडून घेतलीत. रोमन रस्त्यांचा प्रसिद्ध पॉइटिंगर नकाशाही याच जातीचा. मजकूर रोमन काळाच्या अखेरीचा, पण व्हिएन्नात जपलेली प्रत मध्ययुगातली. नक्कल करणाऱ्याने नाव चुकवलं असेल तर ते चुकलेलं नाव रोमन नव्हे.

बितोलासाठी पुढच्या ओळी अशा: ११५४ मध्ये सिसिलीत काम पूर्ण करणाऱ्या अरब भूगोलकार अल् इद्रिसीकडे बुतिली, आणि बाराव्या शतकातल्याच इतिहासकार टायरच्या विल्यमच्या लॅटिनमध्ये बुतेल्ला. नंतरच्या ग्रीकमध्ये बितोलिया हे रूपही मिळतं. आणि या सगळ्यांहून वजनदार म्हणजे १९५६ मध्ये एक जुनी मशीद पाडताना सापडलेला स्लाव शिलालेख. त्यात इव्हान व्लादिस्लाव या बल्गेरियन राजाने किल्ला नव्याने बांधल्याचं सांगितलंय आणि नाव ‘बितोला’ असं वाचलं जातं. दगड नकलून येत नाही, म्हणून अशा नोंदीचं मोल जास्त. मात्र दगड झिजतो, फुटतो, पायरी म्हणून पुन्हा वापरला जातो. त्यामुळे ‘वाचन पक्कं की दुरुस्त’ हा रकाना दगडालाही लावा.

कुठे शोधायचं, थोडक्यात: इ. स. १५० च्या सुमाराचा भूगोलकार टॉलेमी, सहाव्या शतकातल्या प्रोकोपियसने दिलेल्या किल्ल्यांच्या याद्या, बायझंटाइन इतिहासकार, किनाऱ्याकडच्या गावांसाठी व्हेनिस आणि दुब्रोव्हनिकचे दफ्तर, आणि पंधराव्या शतकापासून उस्मानी (ऑटोमन) करनोंदवह्या. यांना तहरीर दफ्तर म्हणतात. गावनिहाय घरं आणि कर नोंदलेले असल्यामुळे लहान गावाचा पहिला लेखी उल्लेख बऱ्याचदा यांतच सापडतो. सतराव्या शतकातला प्रवासी एव्हलिया चेलेबी वाचायला फार गोड, पण नावाचे अर्थ सांगताना तो ऐकलेली कुठलीही गोष्ट देतो. त्याचं रूप घ्या, अर्थ सोडा.

वर्षं नीट बदलून घ्या

जुनी बायझंटाइन आणि स्लाव कालगणना जगाच्या उत्पत्तीपासून मोजते आणि वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. जानेवारी ते ऑगस्टच्या तारखेतून ५५०८ वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबरच्या तारखेतून ५५०९. सरसकट ५५०८ वजा करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

बितोलाच्या शिलालेखावर हे करून पाहा. त्यात काम सुरू झाल्याची तारीख २० ऑक्टोबर अशी वाचली जाते, वर्षाचा आकडा मात्र नीट उरलेला नाही. आकडा ६५२३ धरला तर ऑक्टोबर असल्यामुळे ५५०९ वजा होऊन १०१४ येतं. पण इव्हान व्लादिस्लाव गादीवर आला १०१५ च्या उत्तरार्धात. म्हणजे ६५२३ बसत नाही, ६५२४ बसतं आणि तारीख २० ऑक्टोबर १०१५ निघते. चुकून ५५०८ वजा केले असते तर ६५२३ सुद्धा १०१५ दाखवत राहिला असता आणि विसंगती कळलीच नसती. राजा फेब्रुवारी १०१८ मध्ये मेला, तेव्हा वरची हद्दही ठरते. काही भाषाशास्त्रज्ञांनी अक्षरवळणावरून हा लेख तेराव्या शतकात ढकलला आहे किंवा त्यात दोन काळांची अक्षरं मानली आहेत. तक्त्यात दोन्ही मतं लिहा. पुढचा तर्क कोणत्या तारखेवर उभा आहे, हे त्यामुळे डोळ्यासमोर राहतं.

उस्मानी कागदांवर हिजरी साल असतं. ढोबळ हिशोब असा: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. अल्बेनियाची सुप्रसिद्ध करनोंदवही हिजरी ८३५ ची आहे. ८३५ गुणिले ०.९७ म्हणजे जवळजवळ ८१०, अधिक ६२२ म्हणजे १४३२. नेमकं पाहिलं तर हिजरी वर्ष दोन इसवी सनांत पसरतं, म्हणून ‘१४३१–३२’ असं लिहायचं. उस्मानी काळाच्या अखेरीच्या कागदांवर रूमी नावाचं वेगळं आर्थिक साल असतं, त्याला हे सूत्र लावू नका.

लिपी काय लपवते

नाव ज्या लिपीतून आलंय, ती काही ध्वनी दाखवूच शकत नाही. हे न पाहता अक्षरांची तुलना केली की भलतेच सिद्धांत जन्माला येतात.

मध्ययुगीन ग्रीकमध्ये बीटा अक्षराचा उच्चार ‘व’ होता. परक्या नावातला ‘ब’ लिहायला कधी तेच अक्षर, कधी ‘म-प’ अशी जोडी वापरली जाई. म्हणून ग्रीक रूपावरून गावाला लोक ‘वुतेली’ म्हणत होते की ‘बुतेली’, हे ठरत नाही. त्यासाठी लॅटिन साक्षीदार लागतो, आणि विल्यमचं बुतेल्ला तो प्रश्न ‘ब’च्या बाजूने सोडवतं. ग्रीकमध्ये ‘श’ आणि ‘च’ही नाहीत, तिथे ‘स’ आणि ‘त्स’वर भागवलेलं असतं.

अरबी लिपीत ‘ओ’ आणि ‘ऊ’ एकाच खुणेने दाखवतात, ‘ए’ आणि ‘ई’ही तसेच. म्हणून बुतिली हे रूप बोतेली असंही वाचता येतं आणि स्वरांच्या वादात त्याला पूर्ण मत देता येत नाही, फार तर अर्धं. उस्मानी हिशेबवह्यांची सियाकत लिपी आणखी कठीण. तिच्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, बहुधा गाळलेले असतात, आणि नुक्ते गेले की शब्दाच्या मध्यावरचे ब, त, न, य एकसारखे दिसतात. अशा वहीतलं नाव एकाच संपादकाने वाचलेलं असेल तर शेजारच्या गावांची नावं त्याने बरोबर वाचलीत का, ते आधी तपासा. शेजारची तीन ओळखीची गावं चुकलेली असतील तर तुमचंही चुकलेलं असू शकतं.

अल्बेनियन नावांच्या बाबतीत एक सवलत ठेवावी लागते. त्या भाषेच्या लॅटिन वर्णमालेचा निर्णय नोव्हेंबर १९०८ च्या परिषदेत झाला, आणि गंमत म्हणजे ती परिषद याच मनास्तिरात भरली होती. त्याआधीचं अल्बेनियन लेखन लॅटिन, ग्रीक, अरबी अशा कुठल्याही लिपीत आणि कुठल्याही पद्धतीने असतं. त्यामुळे जुन्या रूपातल्या एखाद्या अक्षरावर सिद्धांत उभारू नका.

देवनागरीत उतरवताना आपलीही गोची होते. सर्बियन ‘बितोल्य’मधला शेवटचा ध्वनी मृदू ‘ल’ (जीभ टाळूकडे नेऊन म्हटलेला) आहे, त्यात वेगळा ‘य’ नाही. तुलना नेहमी मूळ लिपीतल्या रूपांची करा, देवनागरी फक्त वाचण्यासाठी.

तारखेची चाळणी

तक्ता भरला की प्रत्येक दाव्याच्या चौथ्या रकान्याशी तो ताडून पाहा.

तिराना: लोकप्रिय कथा अशी की १६१४ मध्ये सुलेमान पाशाने गाव वसवलं आणि इराणच्या मोहिमेच्या आठवणीत तेहरानवरून नाव ठेवलं. पण तिरानाचं नाव १४१८ च्या व्हेनिसच्या कागदात आलेलं आहे. जवळपास दोनशे वर्षांचं अंतर. दावा संपला, अर्थावर चर्चाच नको.

मोस्तार: ‘मोस्त’ म्हणजे पूल, ‘स्तार’ म्हणजे जुना, म्हणून ‘जुना पूल’. नाव १४७४ मध्ये नोंदलं गेलंय आणि प्रसिद्ध दगडी पूल पुरा झाला १५६६ मध्ये. यावर दाव्याचा पाठीराखा म्हणेल की त्याआधी लाकडी पूल होता. होताच, १४५२ च्या दुब्रोव्हनिकच्या पत्रात तिथल्या नेरेत्वा नदीवरच्या पुलाचा उल्लेख आहे. म्हणून इथे तारीख एकटी पुरत नाही, व्याकरण मदतीला घ्यावं लागतं. स्लाव भाषांत विशेषण आधी येतं: ‘स्तारी मोस्त’. उलट ‘-आर’ हा काम करणाऱ्याचा प्रत्यय आहे: ‘रिबा’ मासा, ‘रिबार’ कोळी. तसा ‘मोस्तार’ म्हणजे पुलाचा राखणदार. नाव त्या राखणदारांचं.

दुरेस (अल्बेनियातलं बंदर): रोमन लेखक प्लिनी सांगतो की या शहराचं एपिदाम्नोस हे नाव लॅटिन कानाला अशुभ वाटलं (‘दाम्नुम’ म्हणजे नुकसान), म्हणून रोमनांनी ते बदलून दिर्राखियुम केलं. पण त्या शहराच्या चांदीच्या नाण्यांवर रोमन या किनाऱ्यावर येण्याच्या, म्हणजे इ. स. पूर्व २२९ च्या, आधीपासून दिर्राखिऑनची अक्षरं आहेत. रोमनांनी फार तर दोन चालू नावांतलं एक पसंत केलं. प्राचीन लेखक म्हणतो म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. लोकव्युत्पत्ती दोन हजार वर्षांपूर्वीही होत होत्या.

ध्वनीची चाळणी

तारखेतून वाचलेल्या दाव्यांना आता ध्वनिबदलाच्या नियमांतून काढा. इथे एकेकटं नाव घेऊन बसू नका. त्याच भागातल्या, ज्यांचं जुनं रूप वादातीत आहे अशा आठ-दहा नावांची जोडयादी करा. दक्षिण स्लाव भाषांसाठी उत्तम यादी अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावर मिळते: अर्बाचं राब, अल्बोनाचं लाबिन, स्कार्दोनाचं स्क्रादिन. म्हणजे ‘अर/अल’ उलटून ‘रा/ला’ झाला. सालोनाचं सोलिन आणि त्रागुरियुमचं त्रोगिर: जुना ‘अ’ ‘ओ’ झाला. हे बदल स्लाव इथे आल्यानंतरच्या पहिल्या काही शतकांतले. ज्या नावात ते दिसतात, ते नाव स्लावांनी तेव्हाच ऐकलेलं होतं. ज्यात दिसायला हवे होते पण दिसत नाहीत, ते उशिरा आलं किंवा विद्वानांनी पुस्तकातून परत आणलं.

नियमाचं सुंदर फळ म्हणजे सोफिया. सेर्दी जमातीवरून तिचं प्राचीन नाव सेर्दिका. स्लाव तोंडात ‘सेर्द’चं नियमाने ‘स्रेद’ झालं, आणि ‘स्रेद’चा अर्थ मध्य. गाव स्रेदेत्स झालं आणि सगळ्यांना वाटलं, बाल्कनच्या मधोमध आहे म्हणून स्रेदेत्स. ध्वनिबदल खरा, अर्थ मागाहून चिकटलेला. सोफिया हे नाव त्याहून नंतर, तिथल्या संत सोफिया चर्चवरून रूढ झालं.

प्लोव्दिवचा वाद उलट्या दिशेचा. मॅसिडोनचा राजा दुसरा फिलिप याचं फिलिप्पोपोलिस इ. स. पूर्व ३४२ चं. थ्रेसियन (तिथली प्राचीन भाषा) वाटणारं पुल्पुदेवा हे रूप आपल्याला सहाव्या शतकातला इतिहासकार योर्दानेस याच्याकडे मिळतं. थ्रेसियन नाव आधीचं आणि ग्रीक नाव त्याचं भाषांतर, असं मानायला मन फार ओढतं, पण नोंदींत अंतर जवळपास नऊशे वर्षांचं आहे आणि बहुतेक अभ्यासक उलट क्रम मानतात: फिलिपचा ‘फ’ स्थानिक तोंडात ‘प’ झाला आणि शहर या अर्थाच्या ग्रीक ‘पोलिस’च्या जागी थ्रेसियन ‘देवा’ आलं. आजचं प्लोव्दिव या पुल्पुदेवाच्या वंशातलं, यावर फारसा वाद नाही.

निश आणि श्तिप इथे तापमान वाढतं. नाइस्सुसचं निश आणि आस्तिबोसचं श्तिप. यातला ‘श’ स्लाव नियमांनी सरळ निघत नाही. अल्बेनियनच्या पूर्वरूपात मात्र ‘स’चा ‘श’ होणं नेहमीचं, जसं स्कोद्राचं श्कोदर. म्हणून ही नावं स्लावांनी अल्बेनियनच्या पूर्वजांकडून ऐकली असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष तोच ‘श’ स्लाव भाषेतल्याच मृदूकरणातून काढतो. तुम्ही कोणत्याही बाजूला झुकलात तरी निष्कर्षाची कक्षा ओलांडू नका. फार तर इतकं निघतं की स्लाव येण्याच्या सुमारास त्या भागात अशी भाषा बोलणारे कोणी होते. शहरात बहुसंख्य कोण होते, किंवा आज ते कोणाचं आहे, हे एका ‘श’वरून निघत नाही. असे निष्कर्ष दोन्हीकडच्या पुस्तकांत सर्रास सापडतात, आणि तिथे पुस्तक मिटलेलं बरं.

आता ओबितेल चाळणीत टाका. पहिली अडचण ‘ओ’ची. स्लाव गावनावांत शब्दारंभीचा ‘ओ’ सहसा टिकतो: ओस्त्रोवो, ओराहोवात्स. ‘अर्थ विसरला म्हणून गळाला’ हे नेहमीचं स्पष्टीकरण पुरत नाही, कारण अर्थ विसरलेली असंख्य नावं पहिला स्वर सांभाळून आहेत. दुसरी अडचण मधल्या स्वराची. ‘ओबितेल’मधल्या ‘ते’चा स्वर जुन्या स्लाव लिपीत ‘यात’ (ѣ) नावाच्या अक्षराने लिहितात, आणि मॅसिडोनियनमध्ये त्याचा ‘ए’ होतो: रेका, लेतो. म्हणजे अपेक्षित रूप ‘बितेल’, प्रत्यक्षात आहे बितोल-. तिसरी अडचण पहिल्या अक्षराची. ग्रीक आणि लॅटिन रूपांत ‘बु’ आहे, तर ओबितेलमध्ये साधा ‘इ’. तिथे मुळात येरी हा वेगळा स्लाव स्वर असावा अशी शंका त्यावरून येते.

दुसरा दावा व्यक्तिनामाचा: बितोल किंवा तत्सम नावाचा कोणी मालक, त्याला मृदूकरणाचा जुना स्वामित्वदर्शक प्रत्यय, म्हणजे ‘बितोलचा (किल्ला)’. रशियातलं यारोस्लाव्हल असंच बनलंय, यारोस्लावचं शहर. सर्बियन बितोल्यमधला मृदू ‘ल’ आणि त्याचं पुल्लिंग दोन्ही यात चपखल बसतात, ‘ओ’ही जागेवर राहतो. पण मृदू ‘ल’ ओबितेललाही आहे, म्हणून तो कोणाचा साक्षीदार नाही. शिवाय बुतेल-, बुतेल्ला या रूपांतला ‘ए’ व्यक्तिनामाच्या विरोधात आणि ओबितेलच्या बाजूने जातो. हे खटकणारे मुद्दे त्याच ओळीत लिहून ठेवा. आवडत्या दाव्याविरुद्धचा पुरावा वेगळ्या पानावर गेला की तो हरवतो.

भाषांतरित नाव आणि फसवे प्रत्यय

बितोला आणि मनास्तिर यांचा अर्थ एकच निघणं हा मठवाल्यांचा हुकमी एक्का. तो क्रमाच्या कसोटीवर घासा. त्यांचं एक म्हणणं: अर्थ विसरल्यामुळे ‘ओ’ गळाला. दुसरं म्हणणं: अर्थ कळत होता म्हणून ग्रीकांनी भाषांतर केलं. दोन्ही खरी असायची तर भाषांतर आधी आणि विसर नंतर, असाच क्रम लागतो. शिलालेखाची १०१५ ची तारीख आणि बितोला हे वाचन मान्य केलं तर ‘ओ’ तेव्हाच गेलेला होता, म्हणजे ग्रीक भाषांतर त्याहून जुनं असायला हवं. तरी अकराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीकमध्ये लिहिणारा स्किलित्झेस गावाला मोनास्तिरी म्हणत नाही, बुतेल- म्हणतो. गावाजवळच्या एखाद्या मठावरून ग्रीक-तुर्की नाव स्वतंत्रपणे पडलं असणंही शक्य आहे. मग ते भाषांतर उरत नाही आणि स्लाव नावाच्या अर्थाचा पुरावाही उरत नाही. हुकमी एक्का प्रत्यक्षात दुर्रीच निघण्याची शक्यता बरीच आहे.

प्रत्ययांचा सापळा सारायेवोत पाहा. ‘सराय’ म्हणजे वाडा हे तुर्की मूळ सर्वमान्य, आणि नाव १५०७ च्या पत्रात येतं. वाद आहे शेपटावर: तुर्की ‘सराय ओवासी’ म्हणजे वाड्याभोवतीचं मैदान, की स्लाव स्वामित्वाचा ‘-एवो’? स्लाव नियमानुसार मृदू ‘य’नंतर ‘-ओवो’चं ‘-एवो’ होतं, त्यामुळे दोन्ही वाटा शेवटी एकाच रूपाला पोचतात. अशा वेळी निकाल दोन भागांत द्या: धातू ठरलेला, प्रत्ययाच्या दोन्ही वाटा शक्य. सगळं नाव एकदम सोडवायचा हट्ट कशाला?

नाव नेमकं कशाचं

जुन्या मजकुरातलं नाव तुमच्याच गावाचं आहे, हे गृहीत धरू नका. बितोलापाशी हेराक्लिया लिंकेस्तिस हे दुसऱ्या फिलिपने वसवलेलं प्राचीन शहर आहे. आजच्या गावापासून साधारण दोन किलोमीटरवर, आणि नावाचा काही संबंध नाही. हेराक्लिया नावाची शहरं मात्र अनेक, तेव्हा उपनाव नसलेला उल्लेख लगेच आपल्या खात्यात टाकू नका. बायझंटाइन मजकुरात पेलागोनिया कधी प्रांत असतो, कधी धर्मपीठ, कधी चक्क हे गाव. मोनास्तिर नावाची गावंही बरीच आहेत, एक तर ट्युनिशियात. उल्लेखाच्या आगेमागे कोणत्या गावांची, नद्यांची नावं आहेत ते नकाशावर मांडा. क्रम जुळला तरच ओळ तक्त्यात घ्या.

अर्थ जमिनीवर बसतो का, हेही बघायचं. ‘खडकावर’ असा अर्थ असेल तर खडक हवा, ‘पुलापाशी’ असेल तर नदी ओलांडायची जागा हवी. मठाच्या दाव्यासाठी नावाच्या पहिल्या नोंदीहून जुन्या मठाचे अवशेष किंवा उल्लेख हवेत. नंतरचा मठ कितीही मोठा असला तरी चालत नाही. जमीन जुळणं ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. बाल्कनमध्ये टेकडी नसलेलं गाव शोधायलाच कष्ट पडतील.

विसाव्या शतकातली सरकारी नामांतरं वेगळ्या रंगाने दाखवा. पोदगोरित्सा १९४६ ते १९९२ तितोग्राद होतं. ग्रीसने १९२० च्या दशकात हजारो स्लाव-तुर्की नावं बदलली आणि बऱ्याच ठिकाणी प्राचीन नाव परत आणलं, जसं वोदेनाचं एदेसा. आजच्या पाटीवर प्राचीन नाव दिसतं म्हणून ते अखंड वापरात होतं असं नव्हे. नामांतराआधीचे, म्हणजे १९१२ च्या बाल्कन युद्धाआधीचे ऑस्ट्रो-हंगेरियन लष्करी नकाशे यासाठी उपयोगी, फक्त त्यांवरची नावं जर्मन कानाने ऐकलेली आहेत हे लक्षात ठेवा.

निकाल कसा लिहायचा

तीनच शेरे वापरा: ठरलेलं, शक्य, बाद. ‘ठरलेलं’साठी तारीख, ध्वनी आणि जमीन तिन्ही जुळायला हवीत आणि विरुद्ध जाणारं एकही जुनं रूप स्पष्टीकरणाविना उरता कामा नये. ‘बहुतेक अभ्यासक मानतात’ हा शेरा नाही. सगळे एकाच जुन्या लेखाची री ओढत असतात तेव्हाही तो लावता येतो.

बितोलाची नोंद मग साधारण अशी उतरते: ‘नाव स्लाव, अकराव्या शतकापासून वापरात. शिलालेखाची १०१५ ची तारीख वादग्रस्त, पण स्किलित्झेसमुळे शतक टिकतं. ओबितेल अर्थात मठ: शक्य, आरंभीच्या ओ चा लोप, यात (ѣ) ऐवजी ओ आणि ग्रीक-लॅटिन रूपांतला बु ही तीन कोडी शिल्लक. व्यक्तिनामावरून: शक्य, ध्वनींच्या दृष्टीने सोपं, पण ग्रीक-लॅटिन रूपांतल्या ए ला उत्तर हवं आणि मालकाचा पुरावा पातळ. मनास्तिर हे भाषांतर की स्वतंत्र नाव: दोन्ही शक्य. निकाल बदलेल असा पुरावा: मोनास्तिरी या रूपाचा १०१५ पूर्वीचा ग्रीक उल्लेख, किंवा आरंभीचा ओ असलेलं कुठलंही जुनं स्लाव रूप.’

शेवटचं वाक्य वगळू नका. पुढे हा तक्ता उघडणाऱ्याला नेमकं काय शोधायचं, ते त्यातूनच कळतं.